मारुती ८०० : हेडच्या कामानंतर सुरू झालेल्या खटखटीचे निदान

१९९७ सालची, कार्बोरेटरची, चार गिअरची मारुती ८०० ही या प्रकरणातील गाडी. मालक कोल्हापुरातील एक निवृत्त शिक्षक असून गाडी नवी घेतल्यापासून त्यांच्याच घरात आहे. कोणत्या वर्षी काय बदलले, तेल कधी घातले, कुठे गळती होती, याची नोंद त्यांनी एका वहीत ठेवलेली आहे, आणि जुन्या गाडीच्या निदानात अशी वही कित्येकदा उपकरणांपेक्षा जास्त कामाला येते. गगनबावड्याचा घाट चढताना गाडी गरम झाली, रेडिएटरमधले पाणी उडाले, आणि पुढच्या काही दिवसांत डिपस्टिकवर पांढुरका फेस दिसू लागला. पाणी तेलात उतरत होते, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले होते, आणि त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

गावातल्याच एका गॅरेजमध्ये काम झाले. हेड उतरवून लेथवर फेसिंग केले, म्हणजे त्याचा तळ सपाट केला, व्हॉल्व्ह घासून बसवले, गॅस्केट, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट नवे घातले. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकाचे ऑइल सील कित्येक महिने झिरपत होते, आणि इंजिनचा पुढचा भाग उघडलेलाच असल्यामुळे तेही बदलून टाकले. बिलावर ‘हेड काम, बेल्ट, पंप, सील, मजुरी’ एवढेच लिहिलेले होते. गाडी परत मिळाली तेव्हा ती शांत चालत होती. काही शे किलोमीटर चालल्यानंतर, सिग्नलला उभी असताना, पुढून खटखट ऐकू येऊ लागली.

हा आवाज कसा होता हे नेमके सांगणे आवश्यक आहे, कारण ‘इंजिनातून आवाज येतो’ एवढ्या वर्णनावर कोणतेही निदान उभे राहत नाही. लाकडी पेटीत सुटा बोल्ट हलवावा तसा तो बोदा, पण कडेला किंचित धातूचा आवाज होता. तो स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, सर्वांत जास्त येई, हळूहळू रेस दिल्यावर दबे, स्थिर वेगात जवळजवळ नाहीसा होई आणि रेस सोडताच एखाद-दुसऱ्या ठोक्यासह परत येई. थंड इंजिनात आणि गरम इंजिनात त्यात फरक पडत नव्हता. मालकांनी स्वतःहून सांगितलेली आणखी एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली: आवाज एकसारखा नव्हता. चार-पाच ठोके लागोपाठ येत, मग क्षणभर काहीच नसे, मग पुन्हा येत.

आधी झालेली दोन निदाने

गाडी पहिल्याच गॅरेजमध्ये परत गेली तेव्हा टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट लावण्याचा स्क्रू) वाजत असल्याचे सांगून टॅपेट आवळून देण्यात आले. हा विचार अगदीच चुकीचा नव्हता. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि रॉकर दोन्ही हेडमध्येच असल्यामुळे हेडचे नुसते फेसिंग केल्याने टॅपेटचा गॅप बदलत नाही, पण व्हॉल्व्ह आणि सीट घासल्या की व्हॉल्व्हची दांडी वर सरकते आणि गॅप कमी होतो, म्हणून अशा कामानंतर टॅपेट पाहणे योग्यच असते. मात्र येथे ते मोजून नव्हे, तर आवाज कमी होईपर्यंत आवळले गेले. वरचा बारीक टिकटिकाट थांबला, खटखट तशीच राहिली. आवाज दाबण्यासाठी टॅपेट घट्ट करण्याची ही सवय फार महागात पडते, कारण व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही तर त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काठावर जळू लागतो.

दुसऱ्या गॅरेजने एक फेरी मारून निकाल दिला. “सर, बिग एंड गेलाय. आता इंजिन उतरायलाच लागतंय,” असे मिस्त्रींनी सांगितले (बिग एंड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे बेअरिंग), आणि तोवर दाट तेल घालून पाहू म्हणून २०डब्ल्यू-५० घातले. तेलाने काहीही बदलले नाही. इंजिन उतरवायचे म्हणजे क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगचे संच, रिंगा आणि एकदा उघडलेच आहे म्हणून बोअरिंग, असा तो खर्च वाढत जाणार होता, आणि या वयाच्या गाडीवर तो करावा की गाडी भंगारात द्यावी, या विचारात मालक होते. त्या टप्प्यावर गाडी माझ्याकडे आली.

दुसऱ्या गॅरेजच्या निदानामागेही तर्क होता: इंजिन गरम झाले होते, तेलात पाणी मिसळले होते, आणि पाणी मिसळलेल्या तेलावर इंजिन चालले तर बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्रा तुटून ते खरोखरच जाऊ शकते. त्यामुळे ही शक्यता बाजूला सारता येत नव्हती. ती तपासायची होती. दोन्ही गॅरेजमध्ये नेमके तेच राहून गेले होते.

ज्या ठिकाणी हात लागला होता, ती यादी

दुरुस्तीनंतर नवा आवाज सुरू झाला की आधी इंजिनाकडे नव्हे, कामाच्या यादीकडे पाहावे असे माझे मत आहे. पंचवीस वर्षांहून जुन्या इंजिनात झीज सगळीकडेच असते, पण ती झीज कामाच्या आदल्या दिवशीही होती आणि तेव्हा हा आवाज नव्हता. म्हणून बिलावरच्या पाच नोंदींच्या मागे प्रत्यक्षात कोणकोणते नटबोल्ट सुटले असतील, हे मालकांना आणि पहिल्या मिस्त्रींना विचारून लिहून काढले. हेड उतरले म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सुटले, डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) निघाला, यांत्रिक पेट्रोल पंप निघाला, रॉकर शाफ्ट हलले. बेल्ट बदलला म्हणजे तो ताणून धरणारा टेन्शनर सैल झाला. वॉटर पंप बदलला म्हणजे फॅन बेल्ट आणि अल्टरनेटर सुटले. आणि पुढचे ऑइल सील बदलले म्हणजे क्रँकच्या टोकावरची बेल्टची दातेरी पुली, म्हणजे स्प्रॉकेट, मधला बोल्ट काढून बाहेर ओढली गेली. ही शेवटची गोष्ट बिलावर कुठेच नव्हती. ‘सील’ या एका शब्दात ती दडलेली होती.

पहिल्या गॅरेजचे म्हणणे असे की गाडी देताना आवाज नव्हता, म्हणजे आमच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. हे म्हणणे ऐकायला सरळ वाटते, पण ते टिकत नाही. जो बोल्ट पुरेसा आवळलेला नसतो तो पहिल्या दिवशी घट्टच असतो. इंजिनाची थरथर, तापणे आणि निवणे यांतून तो हळूहळू आपली पकड सोडतो आणि मगच आवाज सुरू होतो.

यादीतल्या बाहेरच्या गोष्टी लवकर निकालात निघाल्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळणारा वायू थंड इंजिनात टॅपेटसारखाच टिकटिकतो, म्हणून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडके दाबून धरले. वायू कोंडल्यावर हेडजवळ फुसफुस झाली नाही, की काजळीचा डाग सापडला नाही. फॅन बेल्ट काढून इंजिन मिनिटभरच चालवले, कारण या गाडीत वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि बेल्ट नसताना इंजिनात पाणी खेळत नाही. आवाज कायम राहिला, उलट थोडा मोकळा झाला. अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगे त्याबरोबर संशयातून सुटली. क्लच दाबून आणि सोडून पाहिले, फरक नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला तसाही कोणी हात लावलेला नव्हता. मालकांनी सुचवल्यावरून पेट्रोल पंपही काढून पाहिला. त्याची दांडी आणि लिव्हर ठीक होती.

बिग एंडची तपासणी

यानंतर दुसऱ्या गॅरेजच्या निदानाची तपासणी हाती घेतली, कारण ते खरे असेल तर बाकी सगळे शोधणे व्यर्थ होते आणि गाडी चालवणेही धोक्याचे होते.

पहिली कसोटी प्लग तोडण्याची. इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढून ती बॉडीला टेकवून धरायची. मोकळी सोडायची नाही, त्याने कॉइलवर ताण येतो आणि झटकाही बसतो. ज्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल असते, त्या सिलिंडरमधला स्फोट बंद केला की पिस्टनवरचा दाब जातो आणि ठोका पुष्कळ कमी होतो. गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) सैल असेल तर तो पुष्कळदा बदलून दुहेरी येतो. पिस्टन स्लॅपही (झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाज) स्फोट तोडल्यावर मंदावतो, पण तो मुख्यतः थंड इंजिनात असतो आणि येथे तापमानाने फरक पडत नव्हता.

या गाडीत तीनही सिलिंडरांच्या बाबतीत एकच घडले: कोणताही प्लग तोडला तरी आवाज कमी झाला नाही, उलट वाढला, आणि तिन्ही वेळा सारखाच वाढला. माझ्या दृष्टीने संपूर्ण तपासणीतला हा सर्वांत बोलका निकाल होता. एखाद्या सिलिंडरचा दोष असता तर त्या सिलिंडरने वेगळे उत्तर दिले असते. तिन्ही सिलिंडर सारखेच उत्तर देत असतील, तर आवाज कोणत्याही एका सिलिंडरमधल्या दाबाशी नव्हे, तर क्रँकच्या फिरण्यातल्या असमानतेशी बांधलेला आहे. तीन सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट होतो. त्यातला एक तोडला की दोन धक्क्यांमध्ये ४८० अंशांचे अंतर पडते आणि क्रँक एकदा वेग घेतो, एकदा मंदावतो. क्रँकवर बसवलेले काही तरी सैल असेल तर अशा वेळी ते जास्तच वाजणार.

तरीही एका कसोटीवर थांबलो नाही. तेलाच्या दाबाचा स्विच काढून त्या जागी गेज बसवला. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाब मॅन्युअलमधल्या मर्यादेत राहिला आणि काटा थरथरला नाही. दाट तेलामुळे हा निकाल थोडा उजवा दिसतो हे लक्षात घेऊन ते तेल काढून नेहमीचे २०डब्ल्यू-४० घातले आणि पुन्हा मोजले; निष्कर्ष बदलला नाही. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर गाळून उन्हात तिरपे धरून पाहिले. बेअरिंग खाल्ले जात असेल तर त्यात रुपेरी किंवा तांबूस चमक दिसते. येथे काळपटपणाखेरीज काही नव्हते.

टायमिंग लाइटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणाऱ्या बत्तीचा, येथे दुहेरी उपयोग होतो. तिचा चिमटा एका प्लगच्या वायरवर लावला की ती दोन फेऱ्यांत एकदा चमकते. स्लो मुद्दाम खाली आणून मिनिटाला साधारण ६०० फेऱ्यांवर ठेवला तर सेकंदाला पाच चमका पडतात आणि कान-डोळ्यांनी ठोका आणि चमक जुळते का हे पाहता येते. व्हॉल्व्हच्या बाजूचा आवाज चमकेबरोबर, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा येतो. बिग एंडचा ठोका ठरावीक तालात, त्याच सिलिंडरच्या कामाबरोबर येतो. या गाडीतला आवाज कोणत्याच तालात बसेना. दोन-तीन चमकांबरोबर येई, मग चुके, मग मधेच येई. सैल बेअरिंग इतके लहरी नसते.

आता लांब स्क्रू ड्रायव्हरचे मागचे टोक कानाला आणि पुढचे इंजिनाला लावून ऐकले. हेड कव्हरवर टॅपेटचा किरकोळ आवाज होता, तेलाच्या चेंबरवर आवाज दुरून येत होता, आणि सर्वांत मोठा आवाज पुढे, टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या खालच्या भागात होता. मात्र या इंजिनात तेलाचा पंपही क्रँकच्या पुढच्याच टोकावर बसतो, तेव्हा ऐकून एवढेच ठरले की दोष क्रँकच्या पुढच्या बाजूला आहे. पंप की पुली, हे त्यावरून ठरत नव्हते. दाब स्थिर होता म्हणून पंपावरचा संशय कमी होता, एवढेच.

हलणारी खूण

याच टप्प्यावर टायमिंग लाइटचा दुसरा, नेहमीचा उपयोग केला. या गाडीत इग्निशन टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर असते आणि गिअरबॉक्सच्या खोळीवरचे रबरी बूच काढून ती खिडकीतून पाहायची असते. फ्लायव्हील क्रँकच्या मागच्या टोकाला बोल्टने पक्के बसलेले. डिस्ट्रिब्यूटर मात्र कॅमशाफ्टवरून फिरतो, आणि कॅमशाफ्टला फिरवतो टायमिंग बेल्ट, जो क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या स्प्रॉकेटवरून येतो. म्हणजे खिडकीत दिसणारी खूण थेट क्रँक दाखवते आणि ती उजळणारी चमक कॅम दाखवते. दोघांमधल्या साखळीत कुठेही ढील असेल तर खूण जागेवर उभी राहत नाही.

ती राहिली नाही. स्लोवर खूण मागेपुढे उड्या मारत होती, आणि खटखटीचा झटका आला की तिची उडीही मोठी होती. रेस देऊन धरल्यावर ती बरीच स्थिरावली, नेमका आवाजही तेव्हाच दबत होता.

तथापि एवढ्यावरून निकाल देता येत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टचा बुश झिजला, आत फेऱ्यांप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या किंवा बेल्ट सैल असला तरीही खूण अशीच नाचते. शिवाय हेडचे फेसिंग केले की हेडची जाडी कमी होते, कॅमशाफ्ट क्रँकच्या तेवढ्याच जवळ येतो आणि टेन्शनर नीट बसवला नसेल तर बेल्टमध्ये ढील राहू शकते. पण झिजलेला डिस्ट्रिब्यूटर पुढच्या कव्हरखाली ठोके देत नाही. राहिला बेल्ट आणि राहिले क्रँकवरचे स्प्रॉकेट.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, आणि मालकांच्या मुलाला गाडी हाताने हलकेच मागेपुढे ढकलायला सांगितले. पुढे ढकलताना त्यातला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, लगेच फिरे. दिशा बदलली की क्रँक हलल्याचे फ्लायव्हीलच्या खिडकीत दिसे आणि रोटर मात्र थोडा वेळ स्तब्ध राहून मग निघे. अशी थोडी सुस्ती प्रत्येक जुन्या गाडीत असते. ही त्याहून उघड जास्त होती.

मग क्रँकची बाहेरची पुली आणि टायमिंग कव्हर काढले. बेल्ट बोटाने दाबून पाहिला तर ताण व्यवस्थित होता, दात शाबूत होते, कव्हरच्या आतून घासल्याची रेघ नव्हती. मधल्या बोल्टच्या डोक्यावरून निघून स्प्रॉकेटच्या तोंडावर जाणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि रंग वाळू दिला. गाडी पुन्हा गिअरमध्ये हलवली. बोल्ट क्रँकमध्ये आटे धरून असल्यामुळे तो क्रँकबरोबर फिरणारच. स्प्रॉकेटही त्याच्याबरोबर फिरायला हवे. गाडी मागे ओढली तेव्हा बोल्टवरची अर्धी रेघ निघाली, स्प्रॉकेटवरची अर्धी तिथेच राहिली, आणि दोन्हींत नखाएवढी फट पडल्यावर ‘टक’ असा आवाज होऊन स्प्रॉकेट मागोमाग आले. मालक बाजूला वाकून पाहत होते. “हाच तो,” एवढेच ते म्हणाले.

आत काय सापडले

बोल्टला पाना लावला तर तो फारसा जोर न लावता सुटला. स्प्रॉकेट ओढून काढल्यावर त्यातली चावी, म्हणजे क्रँकच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी, एका बाजूने दबून गोलाकार झालेली होती. स्प्रॉकेटच्या आतली खाच रुंदावली होती. क्रँकच्या टोकावरच्या खाचेची एक कड सरळ न राहता आत कलली होती. आणि स्प्रॉकेट ज्या खांद्याला टेकते तिथे करड्या सिलिकॉन पेस्टचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता. सील बसवताना कडेला लावलेली पेस्ट पुढे सरकून दोन धातूंच्या मध्ये अडकलेली असावी.

हा पापुद्रा मला बोल्ट सैल असण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. अशा जोडणीत जोर चावी वाहून नेते असा सार्वत्रिक समज आहे, पण तो बरोबर नाही. चावी स्प्रॉकेटला योग्य जागी बसवते. फिरवण्याचा जोर वाहून नेते ते बोल्टने दाबून धरलेल्या दोन धातूंमधले घर्षण. मध्ये मऊ थर राहिला की इंजिन तापल्यावर तो दबतो, बोल्टचा ताण उतरतो, आणि जे काम घर्षणाने करायचे ते एकट्या चावीवर येऊन पडते. बोल्ट टॉर्क रेंचने आवळला होता का, असे विचारल्यावर पहिल्या गॅरेजमधून ‘नेहमीसारखा आवळला’ असे उत्तर आले. मुळात आवळणी कमी पडली की पापुद्र्याने ताण खाल्ला, हे आता सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही झाले.

आवाज स्लोवरच का येत होता, याचा उलगडाही येथेच होतो. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडत असताना स्प्रिंगचा विरोध कॅमला मागे ढकलतो, आणि शिखर ओलांडले की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. त्यामुळे बेल्टमधून स्प्रॉकेटवर येणारा जोर सतत दिशा बदलत असतो, आणि स्लोवर क्रँक स्वतःही प्रत्येक स्फोटाला झटके घेत असतो. या दोन हेलकाव्यांमध्ये स्प्रॉकेट रुंदावलेल्या खाचेत एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटत होते. वेग वाढला की क्रँकचे झटके तुलनेने लहान होतात, स्प्रॉकेट एकाच कडेला टेकून राहते आणि आवाज थांबतो. रेस सोडली की कड बदलते, म्हणून तेव्हा एखादा ठोका येई. आपटणे दोन हेलकाव्यांच्या जुळण्यावर अवलंबून असल्यामुळे ते कोणत्याही ठरावीक तालात बसत नव्हते.

दुरुस्तीचा निर्णय

स्प्रॉकेट, चावी आणि बोल्ट नवे मिळतात, तेव्हा त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता क्रँकच्या खाचेचा. क्रँक बदलायचा तर इंजिन उतरवणे आलेच, म्हणजे जे टाळायचे तेच. खाच वेल्डिंगने भरून नवी पाडणे शक्य असते, परंतु सीलचा ओठ ज्या भागावर बसतो त्याच्या इतक्या जवळ उष्णता देण्याला मी अनुकूल नव्हतो. तिसरा मार्ग पायरीच्या चावीचा: खालचा भाग क्रँकच्या रुंदावलेल्या खाचेच्या मापाचा, वरचा भाग नव्या स्प्रॉकेटच्या खाचेच्या मापाचा. तो पत्करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. खांद्याचा पृष्ठभाग सपाट आणि निखळ असावा, नवे स्प्रॉकेट क्रँकवर न डगमगता घट्ट सरकावे, आणि खाचेची झीज एका कडेपुरती व वरवरची असावी. येथे तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. त्यांतली एकही पुरी होत नसती तर मी इंजिन उतरवण्याचाच सल्ला दिला असता.

खाच घासून तिच्या कडा सरळ केल्या, माप घेतले आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये पायरीची चावी करून घेतली. अशा बारीक कामासाठी कोल्हापुरात माणूस शोधावा लागत नाही, ही या गावाची सोय आहे. मात्र चावी करणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: झीज एकाच कडेला असल्यामुळे पायरी दोन्ही बाजूंना सारखी ठेवून चालत नाही, वरचा भाग मूळ खाचेच्या मध्यावर यावा लागतो. खाचेच्या जागी क्रँकची त्रिज्या साधारण १२.५ मिलिमीटर धरली, तर तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे क्रँकचे दोन अंशांहून जास्त अंतर, आणि तेवढ्याने व्हॉल्व्हचे टायमिंग सरकते. म्हणून चावी बसवल्यावर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून डायल गेज उतरवून पिस्टनचे वरचे टोक निश्चित केले आणि कॅमच्या पुलीची खूण त्याच वेळी जागेवर येते का हे पडताळले.

खांदा द्रावकाने पुसून कोरडा केला, पेस्टचा अंशही ठेवला नाही. नवा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळला. त्या वेळी फ्लायव्हीलच्या दातांत अडकण घालून क्रँक रोखला होता, कारण गाडी गिअरमध्ये टाकून आणि ब्रेक दाबून क्रँक रोखला की गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि टायर यांची लवचीकता मध्ये येते आणि पाना धक्क्याधक्क्याने फिरतो. नंतर बोल्टवरून स्प्रॉकेटवर पुन्हा रंगाची रेघ ओढून ठेवली. टॅपेट थंड इंजिनावर ०.१३ ते ०.१७ मिलिमीटरच्या दरम्यान लावून घेतले. सहापैकी दोन एक्झॉस्टचे गॅप जवळजवळ शून्यावर आलेले होते. सुदैवाने कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरांत जवळपास सारखे भरले, म्हणजे व्हॉल्व्ह अजून जळाले नव्हते.

गाडी सुरू केल्यावर खूण खिडकीत उभी राहिली. खटखट गेली. स्लो थोडा वाढवून ठेवलेला होता तो मूळ जागी आणता आला, आणि मधूनमधून जाणवणारे मिसिंगही नाहीसे झाले, कारण ठिणगीची वेळच आता हलत नव्हती. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटे एक हलका, कोरडा आवाज अजून येतो आणि इंजिन तापल्यावर थांबतो. तो पिस्टन स्लॅपचा आहे, तो वहीत घाटाच्या प्रसंगाच्या कितीतरी आधीपासून नोंदलेला आहे, आणि त्यासाठी सध्या काही करण्याचे कारण नाही.

साधारण ५०० किलोमीटरनंतर कव्हर उघडून रेघ पाहिली, ती अखंड होती. तरीही बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासून घेतला. पुढचा टायमिंग बेल्ट बदलताना स्प्रॉकेट काढून खाच आणि पायरीची चावी पुन्हा मोजायची आहे, आणि चावीच्या कडेवर चमकदार घासलेला पट्टा दिसला तर क्रँक बदलण्याचा विचार त्या वेळी करावा लागेल. मालकांनी हे दोन्ही वहीत लिहून घेतले आहे, आणि सीलच्या नोंदीपुढे ‘स्प्रॉकेट काढले होते’ असे कंसात घातले आहे.